नगरसेवक नसलेली वर्षं : आपण गप्प का बसलो?

खाडीकाठ (धागाकर्ता, कोपरखैरणे) | 16 डिसेंबर 2025

महापालिका निवडणुकांच्या तारखा काल एकदाच्या जाहीर झाल्या. 15 जानेवारीला मतदान, 16 ला मोजणी, राज्यातल्या 29 महापालिका एकदम. आता कुणाला पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म मिळणार, युती टिकणार की मोडणार, यावर धागे निघतीलच. मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

नवी मुंबईत महापालिकेसाठी शेवटचं मतदान एप्रिल 2015 मध्ये झालं. मे 2020 ला सभागृहाची मुदत संपली. तेव्हा करोना होता, टाळेबंदी होती, निवडणूक पुढे ढकलली हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पण करोना गेला, शाळा उघडल्या, लग्नं वाजतगाजत होऊ लागली, लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि महापालिकेत प्रशासक तो प्रशासकच. ठाण्यात फेब्रुवारी 2017 ला मतदान झालं होतं, तिथे मार्च 2022 पासून हीच गत. आमचं 111 जणांचं सभागृह आणि ठाण्याचं 131 जणांचं, दोन्ही कुलूपबंद.

घटनेचं 243-यू कलम याबाबत अगदी स्वच्छ आहे. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पुरी झाली पाहिजे. 2006 मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं. तरीही आमच्या शहराने पाच वर्षांहून जास्त काळ लोकप्रतिनिधींशिवाय काढला.

प्रशासक असणं म्हणजे काय, हे अंदाजपत्रकाच्या दिवशी सगळ्यात नीट कळतं. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. एरवी ते स्थायी समितीकडे जातं, मग महासभेत त्यावर भांडणं होतात, माझ्या वॉर्डात नाला का नाही, त्यांच्या वॉर्डात दुसरं उद्यान कशाला, हे सगळं होतं. प्रशासकाच्या काळात स्थायी समिती आणि महासभा या दोघांचे अधिकार आयुक्तांकडेच असतात. म्हणजे आयुक्तांनी मांडायचं, प्रशासकांनी मंजूर करायचं, आणि माणूस एकच. अधिकारी प्रामाणिक असेल, हुशार असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. त्याला प्रश्न विचारायची जागाच शहरात उरली नव्हती, यावर आहे.

असं का झालं याचं उत्तर बहुतेक जण कोर्टावर ढकलतात. कोर्टात प्रकरण होतं हे खरं. पण ज्या राज्यात पाण्याचा टँकर एक दिवस चुकला तर लोक हंडा घेऊन वॉर्ड ऑफिसवर जातात, तिथे सभागृहासाठी मोठा मोर्चा निघाला नाही. माझ्या मते याचं कारण आपल्या वस्तीत आहे. कोपरखैरण्यात गावठाण आहे, माथाडींच्या वसाहती आहेत, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची घरं आहेत, आणि अलीकडचे टॉवर आहेत. टॉवरवाल्यांना वाटायचं, नगरसेवक आला की तो गावठाणातल्या बांधकामांना पाठीशी घालणार, त्यापेक्षा प्रशासक बरा. गावठाणात वाटायचं, आता मतं सिडकोच्या सेक्टरांमध्ये जास्त, पुढचा नगरसेवक आपला नसणारच, मग घाई कशाला. माथाडी वसाहतीत आपला नेता मंत्रालयापर्यंत पोचतो, पालिकेचं काय अडलंय. प्रत्येकाला दुसऱ्याचा नगरसेवक येण्यापेक्षा कुणीच नसणं चाललं. मुंबई-ठाण्यात निवडणुका लांबवणाऱ्यांना याहून काय हवं होतं?

तुमच्या भागात काय झालं, लिहा. पक्षाचा प्रचार कृपया दुसऱ्या धाग्यावर.


घोडबंदरकर | 16 डिसेंबर 2025

मुद्दा समजला, पण मी पूर्ण असहमत आहे आणि मनापासून लिहितो. आमच्या पट्ट्यात नगरसेवक होते तेव्हा प्रत्येक कामात टक्केवारी चालायची असं उघड बोललं जायचं. सोसायटीला पाण्याची जोडणी हवी, आधी कार्यालयात जा. झाडाची फांदी तोडायची, कार्यालयात जा. बॅनर तर बाल्कनीसमोर. प्रशासक आल्यावर मी ऑनलाइन तक्रार केली आणि दिवा लागला. कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

घोडबंदर रोडची वाहतूक नगरसेवकाने सुटली नसती आणि आयुक्तानेही सुटली नाही, तो रस्ता कुणाच्या ताब्यात हेच ठरत नव्हतं. मग लोकशाही गेली म्हणून मी रडू कशाला?


आगरवाट | 17 डिसेंबर 2025

घोडबंदरकर दादा, तुमची तक्रार ऑनलाइन झाली कारण तुमच्या इमारतीचं नाव पालिकेच्या यादीत आहे. आमच्या घराला मालमत्ता कर लागतो, पण बांधकाम अनधिकृत म्हणून नोटीसही येते. मी गावठाणातली सून आहे. सासऱ्यांनी जमीन सिडकोला दिली, बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले, कुटुंब वाढलं म्हणून गरजेपोटी वर मजला चढवला. अशा घरावर पथक येतं तेव्हा पहाटे फोन उचलणारा माणूस लागतो. तो चांगला असो वाईट असो, त्याला पाच वर्षांनी आमच्या दारात यायचं असतं. अधिकाऱ्याची बदली होते.

धागाकर्त्यांनी लिहिलंय की गावठाणात घाई नव्हती. हे मला मान्य नाही. आम्हाला घाई होती. पण आम्ही एकट्याने मागितलं की म्हणतात, ह्यांना बांधकामं वाचवायची आहेत. जानेवारी 1984 मध्ये जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच हुतात्मे झाले, दि. बा. पाटील साहेबांच्या मागे अख्खा पट्टा उभा राहिला. विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून 24 जून 2021 ला सिडको भवनाला घेराव घालायला तीच घरं गेली. आंदोलन आम्हाला नवीन नाही. फक्त सेक्टरमधलं कुणी त्यात कधी सामील झालं नाही, आणि सेक्टरच्या पाण्यासाठी आम्हीही गेलो नाही.


कलमकायदा | 17 डिसेंबर 2025

ठाण्यात वकिली करतो. कोर्टात नेमकं काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण यात बरीच गल्लत होते.

मार्च 2021 मध्ये विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला तीन कसोट्या लागतील : स्वतंत्र आयोग, त्या त्या संस्थेपुरती आकडेवारी, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. राज्याकडे आकडेवारी नव्हती. ओबीसींशिवाय निवडणूक घेणं अन्यायाचं झालं असतं, त्यामुळे तो लढा खोटा नव्हता. पुढे ही आकडेवारी देणारा बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने तो मान्य करून निवडणुका घ्यायला सांगितल्या. गाडी इथे रुळावर यायला हवी होती.

पण मध्ये प्रभागांचा खेळ झाला. मार्च 2022 मध्ये आधीच्या सरकारने प्रभाग पाडण्याचे अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेणारा कायदा केला. सदस्यसंख्या वाढवून तीन जणांचे प्रभाग केले होते. जूनमध्ये सरकार बदललं, ऑगस्टमध्ये नव्या सरकारने संख्या परत जुनी केली. त्यावर याचिका, आणि ऑगस्ट 2022 मध्ये 'जैसे थे'चा आदेश. तो जवळजवळ तीन वर्षं राहिला. अखेर 6 मे 2025 ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरमध्ये मुदत वाढवून 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख दिली. परवाची घोषणा त्यातून आली आहे.

एका सरकारने आपल्याला सोयीचे प्रभाग केले, दुसऱ्याने आपल्याला सोयीचे. दोन्ही बाजूंच्या पक्षांनी कोर्टात लवकर तारीख मिळावी म्हणून कितीसा आटापिटा केला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.


टेंभीनाका | 18 डिसेंबर 2025

मी शाखेत वाढलेली बाई आहे. हळदीकुंकू, रक्तदान, दहावीच्या मुलांना वह्या, रात्री अपरात्री सिव्हिलला जाणं, हे सगळं केलं. ठाण्याने 1967 मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता दिली, वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले, हे आमच्या घरात लहानपणापासून सांगितलं जायचं. त्यामुळे जून 2022 मध्ये शिवसेना फुटली ते आमच्याकडे बातमी म्हणून आलं नाही, घरात आलं. नवरा एकीकडे, दीर दुसरीकडे. शाखेची चावी कुणाकडे यावरून ज्यांनी एका ताटात जेवण केलं ते पोलीस स्टेशनला गेले. नवरात्रात ओटी भरायला कुठे जायचं, याचाही हिशेब व्हायला लागला.

कोण खरं कोण खोटं यात मी इथे जात नाही. पण वकीलसाहेबांनी सांगितलं त्याला एक गोष्ट जोडते. जुलै 2022 मध्ये ठाण्यातल्या सेनेच्या 67 पैकी 66 नगरसेवकांनी एकनाथ शिंदे साहेबांना पाठिंबा दिला. ते तेव्हा माजी झालेले होते, मार्चमध्येच मुदत संपली होती. मी ज्याला मत दिलं तो गेला तो बरोबर गेला की चूक, हे सांगायला मला एक कागद, एक बटण मिळायला हवं होतं की नाही? त्याच वर्षी निवडणूक झाली असती तर लोकांनी निकाल लावला असता आणि आम्हीही तो मान्य करून परत एकत्र बसलो असतो. निकालच लागला नाही म्हणून भांडण घराघरात मुरलं. आज माझी जाऊ माझ्याशी फक्त मुलांच्या वाढदिवसाला बोलते.


कलमकायदा | 18 डिसेंबर 2025

ताई, तुम्ही लिहिलंत ते मी न्यायालयांच्या अंगाने सांगतो. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. 11 मे 2023 ला घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिलेला असल्याने जुनी स्थिती आणता येणार नाही. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला, त्यात कुणीच अपात्र ठरलं नाही. एवढी मोठमोठी निकालपत्रं निघाली, पण पक्षांतराचा निवाडा मतदाराने करायचा की संस्थांनी, हा प्रश्न तसाच आहे. नगरसेवकांसाठी आपल्याकडे 1986 चा वेगळा अनर्हता अधिनियम, म्हणजे पक्ष बदलणाऱ्याला अपात्र ठरवणारा कायदा आहे. सभागृहच नव्हतं म्हटल्यावर तो लागू कुणाला होणार!


कौशाची_बाई | 18 डिसेंबर 2025

कौसा-मुंब्र्यात शाळेत शिकवते. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून निघालेली असंख्य कुटुंबं इथे आली, त्यातलंच आमचं एक. म्हणून 'कुणीच नको, प्रशासक बरा' हे वाक्य मला परवडत नाही. ठाण्याच्या महासभेत मुंब्र्याचा माणूस उभा राहून बोलायचा तेव्हा नौपाड्याच्या आणि पाचपाखाडीच्या नगरसेवकाला ते ऐकावं लागायचं. पसंत नसलं तरी कामकाजात नोंद व्हायची. ती नोंद बंद झाली. आमच्याबद्दल टीव्हीवर बोलतात, आमच्याशी बोलायची जी एक जागा होती ती गेली.

आणि आमच्यातही फूट आहेच. कोकणी, उत्तरेकडचे, मराठवाड्यातले, पुन्हा त्यात पक्ष. निवडणूक आली की वीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं 'तुमचे' आणि 'आमचे' म्हणायला लागतात. तरीसुद्धा मला निवडणूक हवी. भांडण सभागृहात झालं तर गल्लीत कमी होतं, हे मी इथे राहून पाहिलंय.


पहिलंच_बटण | 19 डिसेंबर 2025

माझा जन्म 1998 चा, घर नेरूळला, नोकरी महापेला. 2015 ला मी मतदार नव्हते. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा नगरसेवक निवडणार. माझ्या सगळ्या मैत्रिणींचं हेच. खरं सांगायचं तर नगरसेवक नक्की काय करतो हे आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही मोठ्या झालो तेव्हा तो नव्हताच. घोडबंदरकर म्हणतात तसं ॲपवर तक्रार केली की काम होतं, मग आणखी काय लागतं, हे कुणीतरी नीट सांगाल का? मी वादासाठी विचारत नाहीये.


खाडीकाठ (धागाकर्ता) | 19 डिसेंबर 2025

या प्रश्नासाठीच धागा काढला असं म्हणायला हरकत नाही.

ॲपवर तू खड्डा बुजवायला सांगू शकतेस. पण या वर्षी खड्ड्यांवर किती कोटी खर्चायचे आणि पामबीच रस्त्याच्या सुशोभीकरणावर किती, हे ॲप ठरवत नाही. ते ठरतं स्थायी समितीत, सोळा सदस्य असतात, आणि महासभेत. नगरसेवक लेखी प्रश्न टाकू शकतो, प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना मांडता येते. ठेकेदाराची निविदा का वाढली, विचारता येतं. विकास आराखड्यात शाळेसाठी ठेवलेला भूखंड दुसऱ्याच कामाला चालला असेल तर महासभेत आरडाओरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. नवी मुंबईत हा भूखंडांचा विषय किती नाजूक आहे हे नेरूळमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. त्या वर्षांत आराखड्यावर हरकती नोंदवल्या त्या नागरिकांनी एकेकट्याने, सुनावणीला रजा टाकून जाऊन.

सगळे नगरसेवक हे करत नव्हते. बरेचसे काहीच करत नव्हते. म्हणून जागाच रद्द करायची नसते.

आणखी एक. 2015 ला आम्ही एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडला होता. या वेळी चार जणांचा प्रभाग आहे, 28 प्रभाग, एकात तीन आणि बाकी सगळ्यांत चार. तुला चार वेळा बटण दाबायचं आहे, अ, ब, क, ड अशा जागांसाठी. चारही एकाच पक्षाला द्यावीत असा काही नियम नाही. चार मतं चार वेगवेगळ्या माणसांना देता येतात.


नौपाडाकर_काका | 20 डिसेंबर 2025

वय झालं, टाइप करायला वेळ लागतो, तरी लिहितो.

आणीबाणीत मी कॉलेजात होतो. 1976 मध्ये लोकसभेची पाच वर्षं संपली तेव्हा निवडणूक न घेता मुदत वाढवली गेली. त्या वेळी मधू लिमये आणि शरद यादव यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं, ती संपली, पुढे बसायचा मला अधिकार नाही, एवढाच विचार. लिमये तेव्हा तुरुंगात होते. राजीनाम्याने सरकारचं काही बिघडणार नव्हतं. तरी दिला. तेव्हा आम्ही विरोधी विचारांची मुलंसुद्धा त्यांच्या नावाने उभी राहायचो.

1977 ला ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी निवडून आले. ते येरवड्यात स्थानबद्ध होते. समाजवादी आणि जनसंघवाले एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नसत, पण त्या निवडणुकीत एकाच भिंतीवर चुना लावत होते. म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना द्यायचे. आज इतकी वर्षं प्रशासक राहिला, आणि माजी नगरसेवकांपैकी कुणी मतदारांना दोन पानी पत्र लिहून 'तुमचं सभागृह बंद आहे, मी त्यासाठी हे करतोय' असं कळवल्याचं मला आठवत नाही. वाढदिवसाचे फलक मात्र 'नगरसेवक' म्हणूनच लागत होते.

आणीबाणीत निदान दिसत होतं. पेपर कोरे निघत होते, माणसं आत जात होती. या वेळी काही दिसलंच नाही. गटारं साफ होत होती, दिवे लागत होते, म्हणून कुणाला टोचलं नाही. मला तेव्हाच्यापेक्षा आत्ताची जास्त काळजी वाटते.


घोडबंदरकर | 20 डिसेंबर 2025

काका, आदर ठेवून सांगतो, आणीबाणीशी तुलना मला जास्त वाटते. माणसं तुरुंगात नव्हती, लोकसभा-विधानसभेला आपण मतदान केलं, सरकारं निवडली.

पण प्रश्नोत्तराचा आणि भूखंडाचा मुद्दा मी मान्य करतो. आमच्या मागच्या बाजूला मैदानाचं आरक्षण आहे, तिथे काय चाललंय हे शोधायला आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर त्रोटक आलं, अपील केलं, अजून तारीख नाही. महासभेत एका प्रश्नाने हे निघालं असतं, हे खरं. मला टक्केवारीवाला नगरसेवक नको आणि मुका कारभारही नको. मग मी काय मागू?


आगरवाट | 21 डिसेंबर 2025

क्षेत्र सभा मागा. दादा, 2009 पासून आपल्या कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे. खेड्यात ग्रामसभा असते तशी शहरात मतदान केंद्रांच्या भागापुरती सभा. नगरसेवकाने ती घ्यायची, लोकांनी कामं सुचवायची. आमच्या भागात झालेली मी पाहिली नाही. टक्केवारीला तिथे आळा बसतो, कारण कामाची यादी चारचौघांत ठरते.

आणि चौदा गावांचं उदाहरण बघा. शिळफाट्याकडची ती गावं नवी मुंबई महापालिकेत नको म्हणून लढली, 2007 मध्ये बाहेर पडली. नंतर सोयी नाहीत म्हणून परत यायला लढली, आणि 2024 मध्ये परत आली. पहिल्यांदा कर आणि आरक्षणाची भीती, दुसऱ्यांदा पाणी आणि रस्ते. दोन्ही वेळा लोकांचंच खरं होतं. पण त्यांना घ्यायचं की नाही हे ठरत होतं तेव्हा नवी मुंबईत सभागृह नव्हतं, म्हणजे आमचंही मत घेतलं नाही आणि त्यांचंही. आता नेते एकमेकांवर ढकलतात आणि आमच्या लोकांना वाटतं ती गावं आमच्या पाण्यात वाटेकरी झाली. भांडण असं लावलं जातं.


टेंभीनाका | 3 जानेवारी 2026

काल माघारीची मुदत संपली. धागा वर काढते.

कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात आणि इतरही शहरांत मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आलेत, बहुतेक सगळे सत्ताधारी बाजूचे. विरोधकांचा आरोप पैशाचा आणि दबावाचा आहे, दुसरी बाजू म्हणते समोरच्यांना उमेदवारच मिळाले नाहीत. निवडणूक आयोगाने अहवाल मागवलाय असं वाचलं. जे असेल ते समोर यावं. पण इतकी वर्षं वाट पाहून ज्या प्रभागात त्या जागेचं बटणच मशीनवर नाही, तिथल्या बाईने काय करायचं?


कलमकायदा | 3 जानेवारी 2026

ताई, चार जणांच्या प्रभागात एक जागा बिनविरोध झाली तरी उरलेल्या जागांसाठी मतदान होतं. पण त्या एका जागेपुरता मतदार बाहेरच राहतो.

आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये चांगला आदेश काढला होता. नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' या पर्यायाला, काल्पनिक उमेदवार मानायचं, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. मग उमेदवार एकच उरला तरी तो आणि नोटा असे दोन पर्याय मशीनवर का नसावेत? त्या माणसाला खरोखर लोकमान्यता असेल तर तो सहज जिंकेल. ही मागणी कायदेशीर मार्गाने लावून धरता येण्यासारखी आहे, आणि ती कुठल्याच पक्षाच्या विरुद्ध नाही.

दुसरं, मतदार यादी बघा. दुबार नावांसमोर दोन तारे लावलेत. तुमच्या नावापुढे असतील तर कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यावं लागेल, ऐन वेळी केंद्रावर हमीपत्र भरावं लागू शकतं. ओळखपत्र घेऊनच जा.


पहिलंच_बटण | 4 जानेवारी 2026

आम्ही सात-आठ जणींनी ठरवलंय की आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एका ठिकाणी बोलवायचं. प्रश्न तीनच : क्षेत्र सभा घेणार का, महासभेत विचारलेले प्रश्न लोकांना कळवणार का, आणि मधेच पक्ष बदलला तर राजीनामा देऊन परत मत मागणार का. तिसरा टेंभीनाका ताईंमुळे सुचला.

अडलंय जागेवर. सोसायटीचं क्लबहाऊस मिळतंय, पण समितीचे सेक्रेटरी म्हणाले, बाहेरची माणसं रजिस्टरमध्ये सही करून आत येतील. गावातले काका म्हणाले, आमच्याच गावात आम्ही सही करून यायचं का, त्यापेक्षा मंदिराच्या सभामंडपात घ्या. तिथे सेक्टरमधल्या दोन मुस्लिम मैत्रिणी म्हणाल्या, आम्ही येऊ, पण घरचे येणार नाहीत. काय करू?


कौशाची_बाई | 4 जानेवारी 2026

बेटा, सेक्रेटरींशी भांडू नकोस आणि काकांशीही नको. मैदान घे. उघड्यावर कुणाला दार लागत नाही. थंडी आहे, संध्याकाळी पाच ते सात ठेव, बायकांना स्वयंपाकाआधी येता येतं. आणि पहिला प्रश्न गावठाणातल्या बाईला विचारू दे, दुसरा झोपडपट्टीतल्या मुलाला. तुम्ही टॉवरच्या मुली शेवटी बोला.


कलमकायदा | 5 जानेवारी 2026

मंदिर किंवा कुठलंही धार्मिक स्थळ आचारसंहितेत प्रचाराला चालत नाही, तो पर्याय तसाही बाद. मैदान पालिकेचं असेल तर विभाग कार्यालयात अर्ज द्या, परवानगी आलेल्या क्रमाने देतात, म्हणून उद्याच द्या. स्थानिक पोलीस ठाण्याला वेगळं पत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवा की सर्व उमेदवारांना, अपक्षांसकट, एकाच मजकुराचं निमंत्रण दिलंय, आणि पोच घ्या. खर्च तुमचा तुम्ही वर्गणीने करा, उमेदवाराकडून खुर्च्यासुद्धा घेऊ नका. अर्जाचा मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो, ठाण्यात कुणाला हवा असेल तर तोच चालेल.


आगरवाट | 5 जानेवारी 2026

खुर्च्या आमच्या महिला मंडळाकडे आहेत, हळदीकुंकवाच्या. मैदान कुठलं ते कळव, मी गावातून पंधरा-वीस बायका घेऊन येते. त्यांना गरजेपोटी घरांचं विचारायचं आहे, तो प्रश्न तुझ्या यादीत चौथा घाल.


घोडबंदरकर | 5 जानेवारी 2026

वकीलसाहेब, मसुदा मलाही हवा. आमच्या इथे पुढच्या शनिवारी प्रयत्न करतो. मैदानाच्या आरक्षणाचा प्रश्न चारही जागांच्या उमेदवारांना लेखी देणार आणि उत्तरं सहीनिशी घेणार.